लेबलं त्यांची, पोट बाईचं

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



विषय असा दिलाय : गर्भपाताबद्दलचं मत कॉन्झर्व्हेटिव्ह कधी आणि लिबरल कधी? विषय परदेशी वाटेल, पण भांडण आपल्यातच आहे. गेल्या काही बैठकांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, गर्भपाताचा हक्क ही सवर्ण बायकांची लिबरल थेरं. आपल्या वस्तीतल्या बाईला नळाला पाणी नाही, तिला हे कशाला? दुसरा तट म्हणतो, जो शंका काढतो तो प्रतिगामी, विषय संपला. दोघांच्या हातात लेबल आहे. दोघांच्या बोलण्यात बाई कुठंच नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. लेबलावरून माणूस कुठल्या कळपात उभा आहे एवढंच कळतं. बाईच्या अंगावर सत्ता कुणाची राहणार, हे कळत नाही. ते कळायला तीन प्रश्न विचारावे लागतात. निर्णय कुणाचा? पैसा कुणाचा? आणि पोर जन्मलंच तर त्याची भाकर कुणाच्या माथी? या तीन प्रश्नांवर सगळ्यांना घासून बघू. उजव्यांना, डाव्यांना आणि आपल्यालाही.

लेबलं ज्या कारखान्यात तयार झाली तिथं आधी जाऊ. अमेरिकेत. आज तिथं हिशेब सरळ दिसतो. रिपब्लिकन म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे गर्भपाताला विरोध. डेमोक्रॅट म्हणजे लिबरल, म्हणजे पाठिंबा. जणू देवानंच लिहून दिलंय. पन्नास-पंचावन्न वर्षं मागं जा, सगळा हिशेब उलटापालटा होतो.

१९६७ साली कॅलिफोर्नियात गर्भपाताची बंधनं सैल करणाऱ्या कायद्यावर सही कुणाची? गव्हर्नर रोनाल्ड रेगनची. तोच रेगन, जो पुढं कॉन्झर्व्हेटिव्हांचा देव झाला. १९७१ साली सदर्न बॅप्टिस्ट या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या अधिवेशनानं ठराव केला की बलात्कार असेल, गर्भात गंभीर व्यंग असेल, आईच्या शरीराला किंवा मनाला धोका असेल, तर गर्भपाताला कायद्यानं मुभा द्या. त्याच साली लिबरलांचा लाडका सिनेटर एडवर्ड केनेडी पत्रात लिहीत होता की गर्भातल्या जिवालाही हक्क आहेत. २२ जानेवारी १९७३ ला 'रो विरुद्ध वेड' खटल्याचा निकाल लागला आणि सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा हक्क मान्य केला. सात विरुद्ध दोन. त्या सातांतले पाच जज रिपब्लिकन प्रेसिडेंटांनी नेमलेले. विरोधातल्या दोघांतला एक, बायरन व्हाइट, डेमोक्रॅट केनेडीनं नेमलेला. आता सांगा, कुठलं लेबल कुठं लावायचं?

मग ही लेबलं चिकटली कधी? सत्तरीच्या दशकाच्या शेवटी. आणि कशी चिकटली ते नीट ऐका, कारण तो वास आपल्याला ओळखीचा आहे. काळ्या पोरांना दारात उभं न करणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळा-कॉलेजांच्या करसवलती तेव्हा सरकार काढून घेत होतं. दक्षिण कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत १९७६ साली गेली. गोरे धर्ममार्तंड खवळले. १९७९ साली जेरी फॉलवेलची 'मॉरल मेजॉरिटी' उभी राहिली. या मंडळींना राजकारणात आधी खेचलं ते या शाळांच्या भांडणानं, गर्भपाताचा मुद्दा मागून आला, असं त्यांच्यातलाच मोठा संघटक पॉल वेरिच पुढं सांगत असे. वर्णभेदाचा झेंडा उघड मिरवता येत नव्हता. गर्भाचा झेंडा मिरवता येत होता. गर्भ बिचारा भाषण करत नाही, मत देत नाही, पगार मागत नाही. त्याच्यासारखी सोयीची प्रजा दुसरी कुठली?

हे झालं गोऱ्यांचं. आता आपल्या जवळच्यांकडे येऊ. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ज्यांचं नाव घेऊन, ते ब्लॅक पँथर. लिबरलांच्या दहा पावलं डावीकडे उभी असलेली पोरं. न्यूयॉर्क राज्यात गर्भपाताचा मोकळा कायदा १ जुलै १९७० ला लागू झाला. त्याच महिन्यात ब्लॅक पँथरांच्या पेपरानं त्याला काळ्यांच्या वंशसंहाराचा डाव म्हटलं. म्हणजे क्रांतिकारक पोरं आणि रोमचा पोप या एका मुद्द्यावर एकाच बाकावर बसले.

त्यांना हसू नका. ती जखम खरी होती. १९६१ साली मिसिसिपीत फॅनी लू हेमर गाठ काढायला दवाखान्यात गेली. पुढं काळ्यांच्या मताधिकारासाठी जिवावर उदार होऊन लढली ती हीच. डॉक्टरनं तिला न विचारता, न सांगता तिची गर्भपिशवीच काढून टाकली. हे तिथं इतकं सर्रास चालायचं की तिनं त्याला 'मिसिसिपीचं अपेंडिक्स' अशा अर्थाचं नाव दिलं. १९७३ साली अलाबामात माँटगोमेरी इथं १४ आणि १२ वर्षांच्या दोन काळ्या बहिणींची नसबंदी झाली, सरकारी पैशानं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पोरींना इंजेक्शन द्यायचंय असं समजून तिनं कागदावर फुली मारली. आपला अंगठा आणि त्यांची फुली, साथींनो, एकाच शाईतली. ज्या सरकारनं आपल्या पोरी कापल्या त्याच सरकारच्या नव्या कायद्यावर विश्वास कोण ठेवील?

तरी पँथरांचा निष्कर्ष चुकीचा होता. आणि तो चुकीचा आहे हे काळ्या बायकांनीच सांगितलं. शर्ली चिझम ही अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेली पहिली काळी बाई. गर्भपातबंदीचे कायदे रद्द करा म्हणणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची ती १९६९ साली मानद अध्यक्ष झाली. तिनं सरळ सुनावलं की ही वंशसंहाराची भाषा पुरुषांनी पुरुषांसाठी केलेली आहे. बंदी असली तरी बायका पोट पाडतातच. पैसेवाली डॉक्टरकडे जाते. गरीब, काळी, पोर्टोरिकन बाई कुणातरी भोंदूच्या टेबलावर मरते. न्यूयॉर्कमधली पोर्टोरिकन पोरं, यंग लॉर्ड्स, यांनी तर दोन्ही गोष्टी एका दमात मागितल्या. सक्तीची नसबंदी बंद करा, आणि बाईला हवा तेव्हा सुरक्षित गर्भपात द्या. जुलै १९७० मध्ये त्यांनी साउथ ब्राँक्सचं लिंकन हॉस्पिटल ताब्यात घेतलं. त्याच महिन्यात तिथं एक पोर्टोरिकन बाई कायदेशीर गर्भपात करताना दगावली. त्यावर त्यांनी बंदी मागितली नाही. दवाखाना सुधारा आणि कारभार वस्तीच्या हातात द्या, असं मागितलं. हा खरा क्रांतिकारक विचार. यात सरकारवर आंधळा विश्वास नाही आणि बाईवर पहाराही नाही.

वंशसंहाराच्या त्या युक्तिवादाचं पुढं काय झालं? २०१९ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातला काळा, पण कडवा कॉन्झर्व्हेटिव्ह जज क्लॅरेन्स थॉमस यानं आपल्या निकालपत्रात तोच उचलला. गर्भपात म्हणजे नको त्या वंशाचे लोक कमी करण्याचं हत्यार होऊ शकतं, असं त्यानं लिहिलं. १९७० मध्ये जे टोकाच्या डाव्यांनी म्हटलं ते २०१९ मध्ये टोकाच्या उजव्यानं म्हटलं. शब्द तोच, कळप दुसरा. म्हणून म्हणते, कळप बघू नका. प्रश्न विचारा : निर्णय कुणाचा?

आता लिबरलांची पाठ थोपटायची का? थांबा. दुसरा प्रश्न आहे, पैसा कुणाचा? १९७६ साली अमेरिकन संसदेनं हाइड दुरुस्ती केली. गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून गर्भपाताला पैसा बंद. १९७७ साली टेक्ससमधल्या मॅक ॲलन गावात मेक्सिकन वंशाची २७ वर्षांची एक आई स्वस्तातला चोरटा गर्भपात करून घेतल्यावर मेली. कायद्यानं हक्क होता, सरकारी पैसा नव्हता. त्या वर्षी प्रेसिडेंट कोण? डेमोक्रॅट जिमी कार्टर. श्रीमंत बाईला परवडतं आणि गरिबाला नाही, हे न्याय्य आहे का, असं पत्रकारांनी विचारलं. उत्तर काय आलं? आयुष्यात बऱ्याच गोष्टी न्याय्य नसतात, श्रीमंतांना परवडतं ते गरिबांना परवडत नाही. हा त्यांचा लिबरल! 'निवड तुझी' म्हणायचं आणि निवडीचं दुकान मलबार हिलवर उघडायचं, त्यातली ही गत. म्हणून १९९४ साली शिकागोत जमलेल्या काळ्या बायकांनी 'निवड' हा शब्दच अपुरा ठरवला आणि न्यायाची भाषा आणली. मूल न होऊ देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क, आणि झालेलं मूल सुरक्षित वाढवण्याचा हक्क. तिन्ही एकत्र. हे कुठल्याच लेबलात मावत नाही.

तिसरा प्रश्न कॉन्झर्व्हेटिव्हांना. जीव वाचवा म्हणता, मग जन्मलेल्याची भाकर? २४ जून २०२२ ला 'डॉब्ज' निकालानं अमेरिकेत तो हक्क गेला. खटला आला होता मिसिसिपीतून, फॅनी लू हेमरच्या राज्यातून. त्या अख्ख्या राज्यात गर्भपाताचं एकच क्लिनिक उरलं होतं. आणि गरिबांची सरकारी आरोग्य योजना वाढवायला केंद्र पैसा देत असताना २०२२ पर्यंत त्या राज्यानं तो घेतला नव्हता. काळी बाई तिथं बाळंतपणात किती मरते? २०२१ च्या सरकारी आकड्यांनुसार साऱ्या अमेरिकेत गोऱ्या बाईच्या अडीचपट. गर्भाला राजा करायचं आणि त्याच्या आईला दारात मरू द्यायचं, याला जीवावरचं प्रेम म्हणत नाहीत.

आणि डाव्या लेबलाला शेपूट फुटू नये म्हणून रुमानिया सांगते. तिथं कम्युनिस्ट चाउसेस्कूनं १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली, कारण त्याला कारखान्यांसाठी माणसं हवी होती. चीनमध्ये कम्युनिस्ट सरकारनं एका मुलाच्या धोरणाखाली बायकांना जबरदस्तीनं गर्भपात करायला लावले. एकानं पाडू दिलं नाही, दुसऱ्यानं ठेवू दिलं नाही. झेंडा दोघांचा लाल. बाईच्या तोंडावर हात दोघांचाही.

आता घरी या. आपल्याकडचा सनातनी गर्भाच्या नावानं मोर्चा काढत नाही. त्याला वेगळी चिंता आहे, जातीच्या शुद्धतेची. विधवेचं लग्न होऊ द्यायचं नाही आणि घरातल्याच पुरुषानं तिला गरोदर करायचं. मग लपून पोट पाड, नाहीतर जीव दे. म्हणून १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंना बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं, ब्राह्मण विधवांसाठी. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि सारा समाज बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेऊ लागला, तेव्हा ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांनाच पिंजऱ्यात उभं केलं. फुले दांपत्यानं त्या बायांना पापी म्हटलं नाही, सुधारणेचं प्रवचनही झोडलं नाही. दार उघडलं, बाळंतपण केलं, मूल सांभाळलं. आमचे तिन्ही प्रश्न त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी कामातून सोडवून दाखवले.

स्वतंत्र भारतानं काय केलं? १९७१ साली गर्भपाताचा कायदा केला, १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. अमेरिकेच्या आधी! वा, किती लिबरल! पण आत बघा. संततिनियमनाचं साधन फसलं म्हणून गर्भपात हवा असेल तर बाई लग्नाची पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. बाईच्या हक्काचा शब्द नाही. नजर होती लोकसंख्येच्या आकड्यावर. ती नजर किती वाईट हे पाच वर्षांत दिसलं. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यात गरीब, दलित, मुसलमान किती भरडले हे वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक पास केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते कागदावर राहिलं. पुरोगामी महाराष्ट्र!

पुढं मशीन आलं. गर्भ मुलीचा आहे हे कळू लागलं आणि लग्न झालेल्या, पूजा-अर्चा करणाऱ्या, सुखवस्तू घरांत मुली पाडल्या जाऊ लागल्या. बायकांच्या संघटना लढल्या, १९८८ साली महाराष्ट्रानं लिंगतपासणीविरुद्ध कायदा केला, १९९४ साली देशानं. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली २००१ साली ९१३ होत्या त्या २०११ साली ८९४ झाल्या. ज्या सुनेनं स्वतःसाठी गर्भपात मागितला तर तिला कुलटा म्हणतील, त्याच सुनेला मुलीचा गर्भ पाडायला गाडीत घालून नेतात. इथं गर्भपात 'स्वातंत्र्य' झालं का? छे! सही तिची, निर्णय सासरचा. म्हणून नुसतं 'गर्भपात हवा की नको' असं विचारणं फसवं आहे.

आणि उसाच्या फडात जा. मराठवाड्यातून कोयता घेऊन निघालेलं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात. पाळीत पोट दुखलं तरी मोळी उचलायची. म्हणून बायका पिशवी काढून टाकतात. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मिसिसिपीचं अपेंडिक्स इथं उसाच्या फडात सापडलं. फरक एवढाच की तिथं डॉक्टरनं विचारलं नाही आणि इथं भुकेनं तिच्याकडून हो म्हणवून घेतलं.

सत्ता दोन तोंडांनी कशी बोलते तेही बघा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढता येणार नाही, असा नियम महाराष्ट्रानं आणला. राखीव जागेवर कशीबशी उभी राहिलेली आपली बाई त्यात बाद. आणि १ डिसेंबर २०२४ ला नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत सांगतात, समाज टिकवायचा तर कमीत कमी तीन मुलं हवीत. दोन म्हणायचं की तीन, हे वरून ठरणार. जिच्या पोटात वाढणार तिला विचारणार कोण?

सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं एक चांगला निकाल दिला. लग्न झालेलं असो-नसो, बाईंमध्ये फरक करू नका, असं सांगितलं. नवऱ्यानं केलेल्या जबरदस्तीतून राहिलेला गर्भही या कायद्यापुरता बलात्काराचा धरला. पण अजूनही कायदा बाईच्या शब्दावर चालत नाही, डॉक्टरच्या मतावर चालतो. वीस आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, चोवीसपर्यंत दोन. आणि दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात. लक्षात ठेवा आणि वस्तीत सांगा : सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. कायद्यात तशी अटच नाही.

आता आपल्याच घरातल्या दोन शंका.

पहिली. आपण बौद्ध, पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. मग? शंका प्रामाणिक आहे, तिला हसू नये. भिक्खूंच्या विनयात गर्भ पाडण्याला मदत करणं मोठा दोष मानलाय, हेही खरं. पण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी अहिंसा हा नियम नाही, तत्त्व आहे असं मांडलं. नियम डोळे मिटून पाळायचा असतो, तत्त्व डोळे उघडे ठेवून लावायचं असतं. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. ते गर्भपाताबद्दल बोलत नव्हते, त्यांच्या तोंडी मी शब्द घालणार नाही. पण तत्त्व आहे तर कुणीतरी विचार करून निर्णय घ्यायचा. ज्या बाईवर येते तिला मन आहे, धम्म आहे, अक्कल आहे. ती दुःखानं ठरवील, पण ठरवील ती. एखादीनं ठेवायचं ठरवलं तर तिलाही आपण तेवढीच साथ द्यायची.

बाबासाहेब कुठं उभे होते याचे पुरावे आहेत. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत त्यांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. मूल नको असेल तर कारण काहीही असो, गर्भधारणा टाळणं बाईच्या हातात हवं आणि मूल होणं न होणं तिच्या मर्जीवर हवं, असं त्यात मांडलं होतं. ठराव पडला. ठराव गर्भधारणा टाळण्याचा होता, गर्भपाताचा नव्हता, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात स्वच्छ आहे. निर्णय बाईचा.

दुसरी शंका संख्येची. आपली माणसं कमी झाली तर चळवळीचं काय? दोस्तांनो, हेच ब्लॅक पँथरांनी म्हटलं, हेच चाउसेस्कूनं म्हटलं, हेच नागपुरातून म्हणतात. शत्रूची भाषा आपल्या तोंडात आली की थांबून थुंकावी. बाई म्हणजे चळवळीला माणसं पुरवणारा कारखाना नाही. पोर जन्मलं म्हणून सैनिक होत नाही. त्याला दूध, शाळा, दवाखाना लागतो, आणि ते मागायला रस्त्यावर किती जण येतात ते मी मोर्चात मोजलंय.

म्हणून माझी मागणी अशी. आपल्या जाहीरनाम्यात हे चार ठराव घाला. सरकारी दवाखान्यात सुरक्षित गर्भपात मोफत आणि सन्मानानं. फसवून किंवा पैशाच्या दबावानं होणारी नसबंदी आणि पिशवी काढणं गुन्हा धरा, आणि त्यात मुकादम व डॉक्टर दोघांना धरा. मुलांच्या संख्येवरून बाईचा राजकीय हक्क काढून घेणारे नियम रद्द करा. आणि मूल ठेवणाऱ्या बाईला, लग्न झालेलं असो-नसो, पगारी रजा, पाळणाघर आणि रेशन द्या.

या ठरावांना कुणी लिबरल म्हणेल, कुणी सवर्णांचं थेर म्हणेल. म्हणू द्या. पुढच्या बैठकीत मताला टाका. आणि त्या बैठकीला फक्त तुम्ही येऊ नका, घरातल्या आयांना, बहिणींना, बायकांना घेऊन या. त्यांनी हात वर केल्याशिवाय हा ठराव पास झाला असं मी तरी धरणार नाही.

जयभीम.